कापसाखालून गेलेली वायर

तो आकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा मालिकेतली सून सासूच्या पाया पडत होती. संध्याकाळच्या त्या वेळेला आमच्या पुढच्या खोलीत शेजारपाजारच्या बाया बसलेल्या असायच्या. दिवसभर कापूस वेचून आलेल्या, बोटं बोंडांनी खरचटलेली, पाय लांब करून भिंतीला टेकलेल्या. सून वाकली आणि तिच्या पदरावर पांढऱ्या अक्षरांत एक लांबच लांब आकडा उमटला. थोडा वेळ थांबला, गेला, मग पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात उमटला आणि पुन्हा गेला.

"मायबाई! हे काय वं?" शेजारची बुढी म्हणाली. "तिच्या लुगड्याची किंमत दाखवली का?"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी लाजरी बाई, कोणी माझ्याकडे निरखून पाहिलं तरी माझ्या हातातलं काम चुकतं. तो आकडा पाहून मला तसंच वाटलं, टीव्हीच्या आतून कोणीतरी आमच्या खोलीत डोकावून गेल्यासारखं. बाया घरी गेल्यावर मी टीव्हीवर जुनं लुगडं टाकलं.

आमचं गाव आर्णीकडचं. कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेला, आज वाढेल उद्या वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलेला. आमच्याही पुढच्या खोलीत अर्ध्या भागात आढ्यापर्यंत कापूस होता. उरलेल्या अर्ध्यात टीव्ही, एक खाट आणि आम्ही. कापसातले किडे रात्रंदिवस चावायचे, लेकरं अंग खाजवत झोपायची. बाहेरचा माणूस आला की आधी कापूस पाही आणि मग आम्हाला.

माझ्या दिराने कापूस सोडला होता. "कापसात काय ठेवलं?" म्हणून त्याने मागच्या आवारातल्या खोलीवर डिशच्या छत्र्या बसवल्या आणि गावात केबल सुरू केलं. खोलीतून निघालेली वायर बांबूंवरून, कडुनिंबांवरून घरोघरी गेली होती. काही चॅनल आकाशातून फुकट येत, ते कोणीही धरावेत. पण ज्यांच्यावर चांगल्या मालिका आणि क्रिकेट, ती कुलूप लावून पाठवलेली. छत्री कितीही मोठी घ्या, पडदा काळाच. ते कुलूप उघडायला कंपनीचा डबा लागतो आणि डब्यात एक कार्ड. ते कार्ड एका घरापुरतं असतं, त्यावरून गावाला दाखवायचं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दिराला माहीत होतं. त्याच्याकडे असे चार डबे होते आणि त्या चार डब्यांवर सगळं गाव बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी त्याला आकड्याचं सांगितलं. त्याचा कप ओठापाशी थांबला. मग तो हसला.

"कंपनीवाले मशीन तपासतात, वयनी. तसं येते कधी कधी. काई नाई."

त्याचं हसणं मला पटलं नाही. हसायच्या आधी तो जो थांबला, ते माझ्या मनात राहिलं. आणि त्या दिवसापासून केबलच्या खोलीला कडी लागायला लागली. ती खोली मी रोज झाडत असे. आता तो म्हणाला, "राहू द्या, मी झाडतो." ज्या माणसाने जन्मात झाडू हातात धरला नाही, तो आपल्या हाताने खोली झाडतो म्हणजे त्या खोलीत मी पाहू नये असं काहीतरी आहे, एवढं मला कळलं. काय आहे ते कळलं नाही.

आकडा मात्र येतच राहिला. रोज नाही. कधी दोन-तीन संध्याकाळी लागोपाठ, मग काही दिवस काहीच नाही. आणि फक्त त्या मालिकेच्या चॅनलवर, बाकी कशावर नाही. हे मी कोणाला बोलले नाही, पण लक्ष ठेवून होते.

गावाने त्याचा वेगळाच अर्थ लावला. आमच्याकडे सट्टा चालतो. स्वप्नात साप दिसला तरी त्याचा आकडा काढणारे लोक आहेत. टीव्हीवर आपोआप आकडा उमटतो म्हटल्यावर बसस्टँडवरच्या हॉटेलात चर्चा सुरू झाली की हा वरून कोणीतरी इशारा देतो आहे. एकाने त्याचे शेवटचे दोन अंक लावले आणि ते नेमके लागले. झालं. मग ज्या माणसांनी कधी मालिका पाहिली नव्हती तीही सासूसुनांसमोर येऊन बसू लागली. पानठेल्याच्या फळीवर खडूने तो आकडा लिहिलेला, शाळेच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला. आकडा पडद्यावर आला की गल्लीगल्लीतून आरोळी उठायची, "आला! आला बे!" आणि कुत्री भुंकायची.

माझे हे, म्हणजे माझे मालक, सट्टा खेळत नसत. पण तेही हसून म्हणाले, "दरवेळी तोच आकडा येते. वरचा माणूस गरीब दिसते, दुसरा आकडाच नाई त्याच्यापाशी."

सगळे हसत होते आणि माझी झोप उडत चालली होती. दरवेळी तोच आकडा, हे मला खटकत होतं. तपासणी असेल तर बदलेल ना? एकच आकडा पुन्हा पुन्हा कोणी कोणाला दाखवतं, जेव्हा कोणाला तरी शोधायचं असतं. चौथीपर्यंतच्या शिक्षणात असलं काही शिकवत नाहीत. पण हरवलेल्या बैलाचा मालक त्याच्या कानावरची खूण सांगत गावोगाव फिरतो, ते मी लहानपणी पाहिलेलं होतं.

एका दुपारी वानरांनी निंबावरची वायर तोडली. दीर शिडी घेऊन धावत गेला, आणि घाईत कडी लावायची राहिली. मी आवारात कपडे वाळत घालत होते. दार वाऱ्याने आपोआप उघडलं. मी ओला पदर पिळत आत गेले.

फळीवर चार डबे ओळीने ठेवलेले. प्रत्येकावर काळ्या पेनाने नाव लिहिलेलं, अक्षर दिराचं. क्रिकेटच्या डब्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव होतं. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांनी हयातीत क्रिकेट पाहिलं नव्हतं. दुसऱ्यावर यांचं. तिसऱ्यावर दिराचं स्वतःचं. चौथा मालिकेचा. त्याच्यावर माझं नाव.

मी ते दोनदा वाचलं. या घरात माझं नाव कशावरही नव्हतं. माझ्या लग्नात आलेल्या भांड्यांवरसुद्धा यांचं नाव कोरलेलं आहे. गावात मला कोणी नावाने ओळखत नाही, मी मोठ्या पोरीची माय. आणि इथं एका काळ्या डब्यावर माझं नाव, सासरचं, बापाचं काढून नवऱ्याचं लावलेलं, पूर्ण. खाली कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर बारीक छापलेला लांब आकडा. शेवटचे अंक पाहायची गरज नव्हती. ते शाळेच्या भिंतीवर होते.

मग मला आठवलं. मागच्या साली एकदा मी कणीक मळत असताना दीर कागद घेऊन आला होता. "वयनी, इथी सही करा. राशनच्या कामाले लागते." मी पीठ पुसून सही केली होती. सही मला येते, एकेक अक्षर वेगळं काढून. त्याच्या हातात माझ्या मतदान कार्डाची झेरॉक्सही होती. राशनला सही कशाला, असा विचार मनात आला होता, पण दिराला असं विचारायची आमच्यात रीत नाही.

रात्री जेवताना मी यांना विचारलं, "त्या डब्यावर माह्यं नाव काहून हाये?"

यांनी ताटातून वर पाहिलं नाही. म्हणजे यांना माहीत होतं.

"एकाच्या नावावर चार डबे देत नाई कंपनी. म्हनून घेतलं."

"मले सांगतलं असतं."

"नाव वापरल्यानं झिजते का?" हे म्हणाले. "कोन पाहाले येते इथी?"

त्यानंतर माझा घरात कोणावरच विश्वास बसेना. दोघं भाऊ आवारात हळू आवाजात बोलले की मी भांडी घासायची थांबायची. दीर मला "वयनी, चहा घ्या" म्हणाला तरी वाटायचं, आता आणखी कशावर सही पाहिजे. आणि गाडीचा आवाज आला की दारात जाऊन पाहायची. हे म्हणाले होते, कोण येतं इथं. मला वाटत होतं, येणार.

त्या वर्षांत गावात अनोळखी माणसं फार येत. कोणी कापसाचं विचारायला, कोणी घरादाराचं, कोणी फोटो काढायला. शर्टाच्या खिशात दोन पेन, खांद्याला पिशवी. गावालाही त्याची सवय झाली होती. असा माणूस दिसला की त्याला हॉटेलात बसवायचं, चहा पाजायचा आणि बोंडअळीपासून सुरुवात करायची. कोणी काही देऊन जाईल अशी आशा कोणाला फारशी राहिली नव्हती, पण सांगायचं ते सांगून घ्यायचं.

एका संध्याकाळी मी दळण घेऊन चक्कीवर गेले होते. चक्की हॉटेलाच्या समोरच. हॉटेलात असाच एक माणूस बसलेला, पिशवीवाला. चार-पाच जण त्याला घेरून कापसाचं सांगत होते. तो मान हलवत होता, हूं हूं म्हणत होता. पण त्याचे डोळे सांगणाऱ्यावर नव्हते, हॉटेलातल्या टीव्हीवर होते. आमची मालिका लागली होती. असा मोठा शर्टपँटवाला माणूस, आणि सुनेचं रडणं इतकं मन लावून पाहतो?

मग त्याने मोबाईल काढला, उठून पायरीवर आला आणि फोनवर हळूच म्हणाला, "हां, भेजो."

मी चक्कीच्या दारात उभी होते. चक्कीचा आवाज मोठा, पण नेमकं त्या वेळी चक्कीवाल्याने पट्टा बसवायला ती बंद केली होती. मी ते स्पष्ट ऐकलं. तो परत जाऊन बसला. आणि थोड्याच वेळात टीव्हीवर, सुनेच्या कपाळावर, आकडा आला.

"आला! आला बे!" हॉटेल ओरडलं. कोणी तळहातावर लिहू लागला, कोणी पानठेल्याकडे पळाला. त्या माणसाने पिशवीतून छोटा कॅमेरा काढून पडद्याचा फोटो घेतला.

"भाऊ, तुमी बी लावता का?" हॉटेलवाल्याने त्याला खुशीत विचारलं. "फोटो कायले काढता, आमाले तोंडपाठ हाये." आणि त्याने तो सगळा आकडा, माझा आकडा, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. दुसऱ्याने तर उलटा म्हणून दाखवला. तो माणूस हसला. बाकीच्यांना वाटलं आपला पाहुणा खूश झाला.

मी दळण तिथंच ठेवून घरी आले.

दोघा भावांना सगळं सांगितलं. यांना ते आधी पटलं नाही. दिराला पटलं. तो खाटेवर बसला आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "वयनी, तुमी कोनाजवळ बोलल्या का काई? खोलीत गेलत्या ना तुमी त्या दिवशी?"

म्हणजे खोलीत मी गेले हे त्याला कळलं होतं, आणि इतके दिवस तोही माझ्यावर लक्ष ठेवून होता. एका घरात, एका चुलीवर जेवणारी आम्ही माणसं. मी म्हणाले, "मी कोनाले बोलते का कधी, भाऊजी?" ते खरंच होतं.

मग त्याने सांगितलं, तो आकडा म्हणजे कार्डाचा नंबर, कोणत्या कार्डावरून गावाला दाखवतात ते पकडायला कंपनी पाठवते; आणि दोघं भाऊ बसून ठरवू लागले. कार्डावर ज्याचं नाव त्याचा पत्ता कंपनीकडे असतो, तेव्हा तो माणूस उद्या घरी येणार. घरी माझ्या नावाचा डबा माझ्याच टीव्हीला जोडलेला दिसला पाहिजे, म्हणजे झालं. हॉटेलात आकडा कसा दिसला, तर आम्हाला काय माहीत.

"केबलवरची मालिका उद्या बंद ठेव ना मग," हे म्हणाले.

"बंद ठेवली तर सारं गाव बोंबलत इथी येईन," दीर म्हणाला. "त्याच्यासमोरच मले शिव्या देतीन. उद्या सुनेची निर्दोष सुटका हाये, दादा. बाया माह्यं डोकं फोडतीन."

म्हणून त्याने डबा माझ्या टीव्हीखाली आणून ठेवला, आणि त्याच्या मागून एक वायर काढून परत केबलच्या खोलीत नेली, गावासाठी. ती वायर दिसू नये म्हणून कापसाच्या ढिगाखालून घातली. ढिगाखालून, भिंतीतल्या भोकातून, मागे. वरून कापूस सारखा केला. मला सांगितलं, "वयनी, येवढंच म्हनायचं, हा डबा आमचा हाये, आमी घरीच पाहतो. बस. बाकी मी बोलतो."

"अन् त्याने पोलिसात नाव देल्लं तर?" मी विचारलं.

दीर वाकून कापूस पुन्हा सारखा करू लागला. नाव कोणाचं जाणार, ते तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वेचायला गेले नाही. दिवसभर दाराआड बसून होते. संध्याकाळी तो माणूस आला, सोबत आणखी एक जण. बोअरिंगवर बाया पाणी भरत होत्या, त्यांना त्याने माझं नाव घेऊन विचारलं. मला दाराच्या फटीतून ऐकू येत होतं.

"या नावाची कोनी नाई इथी," शेजारची बुढी म्हणाली.

"याच गावातली आहे. पत्ता इथलाच आहे."

"अरे बाप्पा, जल्म गेला माहा या गावात. नाई म्हनलं ना कोनी. तुमाले बोरी अरबची पाह्यजे असन, तिकडं जा."

बाकीच्याही नाही म्हणाल्या. कोणी खोटं बोलत नव्हतं. मी तिथं लग्न होऊन आल्याला कितीक वर्षं झाली, रोज त्याच बोअरिंगवर त्यांच्यासोबत घागर भरते, आणि त्या बायांना माझं नाव खरोखर माहीत नव्हतं. तो माणूस गाडी वळवू लागला. मला वाटलं, जाऊ दे त्याला. असं नाव कोणाला माहीतच नसलं तर ते पकडणार तरी कसं?

पण दिराची सगळी तयारी झालेली होती. हा माणूस परत गेला आणि उद्या पोलीस घेऊन आला तर, या भीतीने दीरच धावत बाहेर गेला. "इकडं, साहेब, इकडं. माह्या वयनी हायेत थ्या."

बुढीच्या हातातली घागर तशीच राहिली. "ही? मोठ्या पोरीची माय? हिचं असं नाव हाये?"

ते दोघं आत आले. कापूस पाहून दोघं थबकले, बाहेरचे थबकतात तसे. मग पिशवीवाला खाटेवर बसला, पाणी मागितलं. मी आणून दिलं. त्याने टीव्हीखालचा डबा पाहिला, चिठ्ठीवरचा आकडा वाचला.

"हा तुमचा आहे का, बाई?"

"हो साहेब, यांचाच हाये," दीर म्हणाला. "घरच्याघरी पाहतात. मालिकेचा शौक हाये वयनीले."

"मी त्यांना विचारतोय."

मी पदर तोंडाशी धरला. शिकवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते बाहेर आलं नाही. तो माणूस म्हणाला, "बरं. मालिका लावा."

टीव्ही लागला. सून कोर्टात उभी होती. पिशवीवाल्याने मोबाईल काढला आणि दोनच शब्द बोलला, "हां, भेजो."

आम्ही सगळे पडद्याकडे पाहत होतो. मी, हे, दारात दीर. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्या गालावर पांढरा आकडा उमटला.

आणि बाहेरून, बोअरिंगच्या बाजूने, हॉटेलाकडून, पाटलाच्या गल्लीतून, साऱ्या गावातून एकदम आरोळी उठली,

"आला! आला बे!"

कुत्री भुंकू लागली. पिशवीवाला उठला. डब्याच्या मागे हात घालून त्याने वायर धरली आणि ओढली. कापसाचा ढीग हलला. वायर वर येत गेली, कापूस बाजूला पडत गेला, आणि तो वाकून, तोंडात-नाकात कापूस जात असताना, वायर धरून भिंतीतल्या भोकापर्यंत गेला. सोबतचा माणूस शिंकायला लागला.

"ही कुठे जाते?" त्याने विचारलं. मला, दिराला नाही. "बाई, कागदावर तुमचं नाव आहे. जे होईल ते तुमच्या नावावर होईल. म्हणून तुम्ही सांगा."

दिराने माझ्याकडे पाहिलं. यांनी जमिनीकडे. मी परक्या पुरुषाशी कधी चार वाक्यं बोललेली बाई नव्हे. पण ते नाव आता बोअरिंगपर्यंत गेलं होतं, आणि ते माझंच होतं.

मी म्हणाले, "नाव माह्यं हाये. डबा माहा नाई. सही माह्याकडून राशनची म्हनून घेतली. वायर मांगच्या खोलीत जाते. बाकीचे तीन डबे बी तिथीच हायेत. एकावर माह्या मेलेल्या सासऱ्याचं नाव हाये."

"वयनी!" दीर ओरडला.

"ओरडू नका, भाऊजी," मी म्हणाले. "लोक ओरडले तेवढं पुरे झालं."

ते मागे गेले. चारही डबे बाहेर आले, फोटो निघाले. आवाराच्या भिंतीवर गाव जमलं. मालिका मध्येच गेल्यामुळे बाया चिडलेल्या होत्या, आणि आकडा म्हणजे काय होतं ते समजल्यावर माणसं तळहातावर लिहिलेला तो आकडा पुसत होती. डबे पिशवीत भरताना मी पिशवीवाल्याला म्हणाले, "थांबा." रॉकेलची चिंधी आणली आणि माझ्या डब्यावरचं काळ्या पेनाचं नाव पुसून काढलं. त्याने पुसू दिलं.

"डब्यावरचं गेलं," तो म्हणाला. "कागदावरचं मी माझ्या हाताने खोडू शकत नाही. पण तुम्ही बोललात ते मी लिहून देईन."

लिहून दिलं की नाही, ते मला कोणी दाखवलं नाही. दीर पुढे यवतमाळला फेऱ्या मारत राहिला, प्रकरण कसंतरी मिटलं म्हणाला, कसं ते सांगितलं नाही. मला कधी कोणी ठाण्यात बोलावलं नाही. तरी कितीतरी दिवस दाराशी गाडी थांबली की माझा हात कामात थांबायचा. दीर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. कोणी खबर दिली हे त्याने शोधून काढलंच नाही, पण त्याच्या मनात ते नाव माझंच असावं. माझ्या मनात आर्णीच्या दुसऱ्या एका केबलवाल्याचं आहे. खरं काय, ते त्या पिशवीवाल्यालाच माहीत.

बुढीने मात्र दुसऱ्याच दिवशी बोअरिंगवर मला पूर्ण नावाने हाक मारली, आडनावासकट, सरकारी शिपायासारखी. सगळ्या हसल्या. तिला वाटलं मी चिडेन. मी घागर ठेवली आणि म्हणाले, "हो, काय पाह्यजे?" पुढे ती आडनाव गाळू लागली. आता त्या गल्लीत मला नावानेच हाक मारतात, आणि नव्या सुनांना वाटतं पहिल्यापासून तशीच रीत आहे.

मग घरोघरी छोट्या छत्र्या आल्या. आमच्याकडेही मुलीने आणली. बसवणाऱ्या पोराने विचारलं, "कोणाच्या नावावर करायचं?" हे माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हणाले, "माझ्या." कागद मी बोट ठेवून वाचला, सगळा, पोरगा गच्चीवरून दोनदा खाली येऊन गेला तरी. मग सही केली, एकेक अक्षर वेगळं काढून. त्याने टीव्ही लावला. पडदा निळा झाला आणि त्याच्यावर पांढऱ्या अक्षरांत कार्डाचा लांब आकडा आला.

मी उठून दारात गेले आणि कान दिला. बाहेर बोअरिंगच्या दांड्याचा आवाज येत होता. कोणी ओरडलं नाही.